एका रात्रीत लिहिलेला प्रोग्रॅम ४० वर्षांनंतरही जगभर चालतोय, ‘पिंग’वाल्या माईक मूसची गोष्ट

मोबाईलवर गेम ऐन रंगात आलेला असतो. समोरचा गडी नेमका टप्प्यात येतो आणि तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा ४० वरून थेट ३०० वर जातो. आपला गडी जागच्या जागी थिजतो, बटण दाबलेली गोळी उशिरा सुटते आणि खेळ खल्लास. मग ग्रुपवर सगळ्यांची एकच तक्रार असते, पिंग वाढला.

ऑफिसात तर हा शब्द क्रियापदच झालाय. फाईल पाठवली की पिंग कर, मोकळा झालास की पिंग कर. इंटरनेट बंद पडलं म्हणून कंपनीला फोन लावला तर तिकडचा माणूसही आधी पिंगच करायला सांगतो.

पण हा पिंग आला कुठून?

तर पिंग हा एक छोटासा प्रोग्रॅम आहे. अमेरिकेतल्या एका २५ वर्षांच्या पोराने डिसेंबर १९८३ मधल्या एका रात्री तो लिहिला. लांबी साधारण हजार ओळी. नेटवर्कमधला एक बिघाड शोधायला लिहिला होता, पण गंमत म्हणजे तो बिघाड काही पिंगला सापडला नाही. पिंग तयार होईपर्यंत दुसऱ्याच माणसाने तो दुरुस्त केला होता.

तरीही तो प्रोग्रॅम टिकला. लिहिणाऱ्याने नंतर कितीतरी मोठी कामं केली, पण जगाला तो आठवतो तो त्या एका रात्रीसाठी. त्याचं नाव माईक मूस.

तोफांच्या प्रयोगशाळेतला युनिक्सवाला

मायकल जॉन मूस याचा जन्म १६ ऑक्टोबर १९५८ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या आयोवा सिटीचा. शिक्षण झालं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. कॉलेजात असताना त्याने सोनार आणि रडार यंत्रणांच्या गणिती मॉडेलवर बरंच काम केलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

शिक्षणानंतर तो लागला अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत. मेरीलँड राज्यातल्या अॅबरडीन इथे लष्कराचं मोठं चाचणी मैदान आहे, तिथे ही प्रयोगशाळा होती. तोफेचा गोळा कुठे पडेल, रणगाड्याचं चिलखत कुठे फुटेल याचा अभ्यास करणारी ही जागा. संगणकाच्या इतिहासात तिचं नाव मोठं आहे, कारण एनियॅक नावाचा सुरुवातीचा अवाढव्य इलेक्ट्रॉनिक संगणक याच प्रयोगशाळेसाठी बांधला होता. तोफांच्या माऱ्याची कोष्टकं हाताने मांडायला माणसं पुरत नव्हती, म्हणून.

माईक आला तोवर काळ बदलला होता. खोलीभर संगणकाच्या जागी कपाटाएवढे संगणक आले होते आणि त्यांच्यावर युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम चालायची. युनिक्सचा उगम बेल लॅब्जमधला, पण कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने त्यात भर घालून स्वतःची आवृत्ती काढली होती. तिला बीएसडी म्हणत. माईक याच बीएसडीत बुडालेला असायचा.

१९८३ साली असं काय घडलं?

१ जानेवारी १९८३ ला इंटरनेटची आई म्हणता येईल अशा अर्पानेटने आपली जुनी भाषा सोडली आणि टीसीपी/आयपी ही नवी भाषा घेतली. आजही तुमचा फोन हीच भाषा बोलतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात ते चालत्या गाडीचं चाक बदलण्यासारखं होतं. प्रत्येक ठिकाणचे संगणक वेगळ्या कंपनीचे. नेटवर्कची उपकरणं नवी. भाषा बोलणारं सॉफ्टवेअर तर अजून हळदीच्या अंगाचं. कुठेतरी काहीतरी रोज बिघडायचं.

आणि बिघडलं की प्रश्न एकच, नेमकं बिघडलंय कुठे?

फाईल पाठवली आणि ती पोचली नाही, तर दोष समोरच्या संगणकाचा, मधल्या वायरीचा, रस्त्यातल्या राउटरचा, की फाईल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा? ओळखायला सोपा मार्ग नव्हता. अंधाऱ्या खोलीत टॉर्च नसताना सुई शोधण्यातला प्रकार.

नॉर्वेतल्या गप्पा

जुलै १९८३. अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन संस्था डार्पा हिची एक बैठक नॉर्वेत भरली होती. माईक तिथे होता आणि डॉ. डेव्हिड मिल्सही होते.

मिल्स म्हणजे नेटवर्कच्या जगातलं बडं नाव. जगभरच्या संगणकांची घड्याळं एकमेकांशी जुळवणारी एनटीपी ही पद्धत त्यांचीच. तुमच्या लॅपटॉपचं घड्याळ आपोआप बरोबर राहतं त्यामागे मिल्स यांचं डोकं आहे.

बोलता बोलता मिल्स यांनी आपला एक उद्योग सांगितला. त्यांच्याकडे फझबॉल नावाचे छोटे राउटर होते. त्यांच्यावरून ते एक खास पॅकेट सोडायचे आणि ते परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. त्यावरून वाटेत किती उशीर होतोय ते कळायचं.

हे खास पॅकेट काही गुपित नव्हतं. जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेटचा जो नियम लिहिला, त्यातच त्याची सोय होती. इंटरनेटवर निरोप बिघडला तर कळवायचं कसं, यासाठी आयसीएमपी नावाची पद्धत ठरवली होती. तिच्यात एक प्रकार होता इको रिक्वेस्ट, दुसरा इको रिप्लाय. पहिला मिळाला की संगणकाने निमूटपणे दुसरा परत पाठवायचा. डोंगरासमोर हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तसं.

नियम दोन वर्षं कागदावर होता, पण रोजच्या युनिक्स संगणकावर बसलेल्या माणसाला ही हाक मारण्याची सोय नव्हती. माईकने ते ऐकलं, डोक्यात ठेवलं आणि तो घरी परतला.

डिसेंबरमधली ती रात्र

पाच महिने गेले. डिसेंबरात प्रयोगशाळेचं नेटवर्क विचित्र वागायला लागलं. कारण कळेना.

माईकला मिल्स यांचं बोलणं आठवलं. त्याने रात्रीच बसून प्रोग्रॅम लिहायला घेतला. कल्पना साधी होती. हाक मारायची, उत्तर आलं की वेळ मोजायची, पुन्हा हाक मारायची.

प्रोग्रॅम लिहून झाला, कंपाईल झाला, एकही चूक निघाली नाही. चालवून पाहिला तर काहीच होईना.

झालं असं होतं की अशा प्रकारचं पॅकेट थेट सोडायला ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नेलची परवानगी आणि मदत लागते. आणि बीएसडीच्या कर्नेलमध्ये ती सोयच नव्हती. प्रोग्रॅम दार ठोठावत होता, पण तिथे दारच नव्हतं.

दुसरा कुणी असता तर उद्या बघू म्हणून झोपला असता. माईक वैतागला आणि थेट कर्नेल उघडून बसला. नसलेलं दार त्याने स्वतः बसवलं. उजाडायच्या आत सगळं व्यवस्थित चालू झालं होतं.

आता बिघाड शोधायचा. पण त्याचा सहकारी चक केनेडी याने तोवर नेटवर्कचं बिघडलेलं उपकरण शोधून दुरुस्तही केलं होतं. तेही माईकचं पहिलं पॅकेट सुटायच्या आधी!

म्हणजे ज्या कामासाठी रात्र जागवली, ते काम शिल्लकच राहिलं नाही.

नाव पिंगच का?

इथे कॉलेजातलं सोनार कामाला आलं. पाणबुडी पाण्याखाली आवाजाचा एक ठोका सोडते. तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो. जायला यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं. वटवाघूळ अंधारात भिंत चुकवतं तेही याच युक्तीने. सोनारच्या त्या ठोक्याचा आवाज इंग्रजी कानाला पिंग असा येतो, म्हणून प्रोग्रॅमचं नाव पिंग.

पुढे मिल्स यांनी या चार अक्षरांना पॅकेट इंटरनेट ग्रोपर असा लांबलचक विस्तार जोडला. नेटवर्कमध्ये चाचपडत जाणारा, असा काहीसा त्याचा अर्थ. आजही परीक्षांच्या गाईडमध्ये हाच विस्तार छापलेला दिसतो. पण तो नंतर चिकटवलेला आहे. माईकच्या लेखी पिंग हा फक्त एक आवाज होता.

पिंग आतून नेमकं काय करतो?

पिंग प्रत्येक सेकंदाला एक छोटं पॅकेट सोडतो. त्यात साधारण चार गोष्टी असतात.

पहिली, हे पॅकेट कोणत्या पिंगने सोडलं त्याची ओळख. एकाच संगणकावर दोन जण पिंग करत असतील तर उत्तरांची अदलाबदल होऊ नये म्हणून. दुसरी, अनुक्रमांक. १, २, ३ नंतर एकदम ५ आला तर ४ नंबरचं पॅकेट वाटेत हरवलं हे कळतं. तिसरी, पॅकेट वाटेत खराब झालं का ते तपासायची बेरीज.

चौथी गोष्ट सगळ्यात हुशारीची. पॅकेट सुटतानाची वेळ पॅकेटच्या आतच लिहिलेली असते. समोरचा संगणक ते जसंच्या तसं परत पाठवतो. त्यामुळे कोणतं पॅकेट कधी सोडलं याची वही माईकच्या प्रोग्रॅमला ठेवावीच लागली नाही. परत आलेल्या पत्रावरच तारीख होती, आत्ताच्या वेळेतून ती वजा केली की झालं उत्तर.

शेवटी पिंग हिशोब देतो. किती पॅकेट सोडली, किती परत आली, कमीत कमी, सरासरी आणि जास्तीत जास्त वेळ किती लागला. मिलिसेकंदात.

गेममध्ये दिसणारा आकडा दर वेळी याच प्रोग्रॅमने मोजलेला असतो असं नाही, गेम आपापल्या पद्धतीने मोजतात. पण मोजायची गोष्ट तीच, जाऊन यायला लागणारा वेळ. म्हणून नावही तेच चिकटलं.

फुकट दिला आणि सगळीकडे पोचला

काम संपलेलं होतं. प्रोग्रॅम कोपऱ्यात टाकून देता आला असता. पण माईकने पिंगचा सोर्स कोड आणि कर्नेलमधली दुरुस्ती, दोन्ही बर्कलीला पाठवून दिलं. बर्कलीने ते आनंदाने घेतलं आणि पिंग बीएसडी युनिक्सचा कायमचा भाग झाला. १९८६ मध्ये ४.३ बीएसडी बाहेर पडली ती पिंगला सोबत घेऊनच.

सोर्स कोडच्या वरच्या भागात माईकने स्पष्ट लिहून ठेवलं होतं, की हा प्रोग्रॅम सार्वजनिक मालकीचा आहे आणि वाटायला कोणतंही बंधन नाही. ना लायसन्स, ना फी.

त्या काळात याला फार मोठा अर्थ होता. युनिक्सचा मूळ कोड एटी अँड टी कंपनीच्या मालकीचा होता आणि तो वापरायला लायसन्स लागायचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तर या कोडवरून बर्कलीच्या गोटाशी कोर्टकचेरीही झाली. शिवाय युनिक्सची घरं वेगळी झाली होती. सनची सनओएस, डेकची अल्ट्रिक्स, एचपीची एचपी-यूएक्स, आयबीएमची एआयएक्स, सिलिकॉन ग्राफिक्सची आयरिक्स. नात्याने सगळी भावंडं, पण प्रत्येकाचा संसार वेगळा. एकीकडचा प्रोग्रॅम दुसरीकडे उचलून ठेवला की चालेल याची खात्री नाही.

एक प्रोग्रॅम वेगळ्या सिस्टिमवर चालता करणं याला पोर्ट करणं म्हणतात. पिंग पोर्ट करताना तीन ठिकाणी अडायचं.

पहिली अडचण परवानगीची. पिंगला थेट पॅकेट सोडायचं असतं आणि युनिक्सवर तो अधिकार फक्त रूटला, म्हणजे सिस्टिमच्या मालकाला असतो. मग साध्या वापरकर्त्याने पिंग चालवायचा कसा? यावर तोडगा म्हणून पिंगला रूटचे अधिकार देऊन ठेवले जायचे. ही पळवाट धोक्याची आहे हे माईकला ठाऊक होतं. त्याने स्वतःच्या कोडमध्ये ही गोष्ट त्रुटी म्हणून नोंदवून ठेवली होती. लिनक्स आणि मॅकसारख्या सिस्टिमनी या प्रश्नावर बऱ्याच नंतर नीट उपाय काढले.

दुसरी अडचण आकडे लिहिण्याच्या दिशेची. काही संगणक आकड्याचा मोठा भाग आधी लिहितात, काही छोटा भाग आधी. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचलं की अर्थाचा अनर्थ. पण पिंगने टाकलेली वेळ परत येऊन पिंगच वाचतो, समोरच्याला ती समजायची गरजच नाही. तपासणीची बेरीजही अशी निवडली आहे की कोणत्याही दिशेने केली तरी जुळते. त्यामुळे ही अडचण जवळपास आपोआपच मिटली.

तिसरी अडचण घड्याळाची. त्या काळातल्या बऱ्याच संगणकांचं घड्याळ १० मिलिसेकंदांच्या टप्प्यानेच पुढे सरकायचं. म्हणून त्यांच्यावरचा पिंग ०, १०, २० असे ढोबळ आकडे दाखवायचा. जवळच्या संगणकाला पिंग केलं तर वेळ शून्य!

या सगळ्यातून पिंग तगला यामागे आणखी एक कारण होतं. उत्तर देणाऱ्या संगणकावर पिंग असावाच लागत नाही. इंटरनेटची भाषा बोलणारी यंत्रणा स्वतःच इको रिप्लाय पाठवते, तो नियमच आहे. म्हणजे एका टोकाला पिंग आला की समोर कोणतीही कंपनी, कोणतीही सिस्टिम असो, काम सुरू.

पोर्ट होताना पिंगने नवनव्या सवयीही लावून घेतल्या. सनच्या संगणकावर तो आकडे न देता समोरचा संगणक जिवंत आहे एवढंच सांगायचा. लिनक्सवर थांबवेपर्यंत चालूच राहतो. पुढे विंडोज ९५ आणि विंडोज एनटीतही पिंग आला. विंडोजवर तो चार वेळा हाक मारून गप्प होतो. स्वभाव वेगळे, पण गाभा तोच.

पिंगने हुडकलेली वायर

युनिक्सवाल्यांच्या एका परिषदेत माईकला एक किस्सा ऐकायला मिळाला. पिंगबद्दल ऐकलेल्या गोष्टींमध्ये त्याला तो सगळ्यात आवडायचा.

एका नेटवर्क सांभाळणाऱ्याच्या इमारतीत केबल मधूनच तुटल्यासारखी वागायची. जोड कुठे ढिला झालाय ते सापडेना. एकाच वेळी स्क्रीनकडे बघायचं आणि इमारतभर फिरायचं, हे जमणार कसं?

त्याने पिंगचं आउटपुट संगणकाला बोलतं करणाऱ्या प्रोग्रॅमला जोडलं, त्याचा आवाज ऑफिसातल्या स्टिरिओला दिला आणि आवाज कानठळ्या बसतील इतका वाढवला. संगणक दर सेकंदाला पिंग, पिंग असं ओरडत राहिला आणि हा गडी इमारतभर एकेक जोड हलवत फिरला. एका ठिकाणी हात लावला आणि आवाज बंद. बिघाड सापडला.

ज्या कामासाठी माईकने त्या रात्री पिंग लिहिला, ते काम असं दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच इमारतीत पूर्ण केलं.

माईकची मोठी कामं मात्र वेगळीच

पिंगला एक रात्र लागली. माईकच्या आयुष्याची वर्षं गेली ती वेगळ्याच कामात.

प्रयोगशाळेला रणगाडे, गाड्या यांची त्रिमितीय मॉडेलं संगणकात बनवून त्यांच्यावर मारा झाला तर काय होईल ते तपासायचं होतं. बाजारातलं सॉफ्टवेअर कामाला येईना. म्हणून माईकच्या नेतृत्वाखाली बीआरएल-कॅड उभं राहिलं. १९८४ मध्ये ते पहिल्यांदा बाहेरच्यांसाठी खुलं झालं.

हे सॉफ्टवेअर छोट्या वर्कस्टेशनपासून महासंगणकापर्यंत वेगवेगळ्या युनिक्सवर चालावं यासाठी मोठी मेहनत घेतली गेली. त्यातूनच एक मजेशीर मोजमाप जन्मलं. नवा संगणक आला की त्यावर बीआरएल-कॅडची ठरावीक चित्रं काढून वेळ मोजायचा आणि प्रयोगशाळेतल्या व्हीजीआर नावाच्या जुन्या व्हॅक्स संगणकाच्या किती पट वेग आहे ते सांगायचं. घोड्याच्या ताकदीत इंजिन मोजतात तसं.

१९८४ मध्येच माईक आणि टेरी स्लॅटरी यांनी टीटीसीपी लिहिलं. पिंग वेळ सांगतो, पण एका मिनिटात किती माल वाहून जाईल ते सांगत नाही. टीटीसीपी नेमकं ते मोजायचं. आज नेटवर्कवाले आयपर्फ वापरतात, ते याच वाटेवरचं पुढचं पाऊल. ठाऊक नसलेल्या पत्त्याचं सगळं टपाल एकाच दाराने बाहेर सोडायचं, या डिफॉल्ट रूटच्या कल्पनेचं श्रेयही माईककडे जातं. तुमच्या घरच्या वायफायला हेच दार रोज कामाला येतं.

लष्करी संगणकांत घुसणाऱ्या हॅकरांचा माग काढण्यातही तो होता. क्लिफर्ड स्टॉल यांच्या द ककूज एग या गाजलेल्या पुस्तकात त्याचा उल्लेख येतो.

१९९३ मध्ये युजनिक्स या संघटनेने बर्कलीच्या संशोधन गटाला जीवनगौरव पुरस्कार दिला. बीएसडीत हातभार लावणाऱ्या १८० जणांचा तो सामूहिक गौरव होता. त्या यादीत माईकचंही नाव होतं. पिंगला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

पिंगच आपली सगळ्यात प्रसिद्ध कामगिरी ठरणार आहे हे आधी कळलं असतं, तर त्यावर आणखी एकदोन दिवस खर्च केले असते, अशी थट्टा तो स्वतःच करायचा.

चांगल्या हत्याराचा वाईट वापर

पिंग सगळ्यांच्या हातात गेला, तसा वाकड्या डोक्याच्या लोकांच्या हातातही गेला.

१९९६ च्या सुमारास पिंग ऑफ डेथ नावाचा प्रकार गाजला. नियमात बसत नाही एवढं मोठं पॅकेट तुकड्यांमध्ये पाठवायचं. समोरचा संगणक ते तुकडे जोडायला जायचा आणि कोलमडायचा. मग स्मर्फ नावाचा हल्ला आला. त्यात दुसऱ्याच्या नावाने अख्ख्या नेटवर्कला हाक मारायची, म्हणजे शेकडो उत्तरं एकाच बिचाऱ्यावर जाऊन कोसळायची.

दोष पॅकेट नीट न तपासणाऱ्या यंत्रणांचा आणि ढिल्या राउटरांचा होता. पण परिणाम असा झाला की अनेक संस्थांनी आपल्या दारावर पिंगच अडवायला सुरुवात केली. म्हणून आज पिंगला उत्तर आलं नाही याचा अर्थ समोरचा संगणक बंद आहे असाच होत नाही. कदाचित त्याला उत्तर द्यायला मनाई असेल.

२० नोव्हेंबर २०००

मेरीलँडमधून इंटरस्टेट ९५ हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा वाहता महामार्ग जातो. २० नोव्हेंबर २००० ला याच रस्त्यावरच्या मोटार अपघातात माईक मूस गेला. वय फक्त ४२ वर्षं.

प्रयोगशाळा तोवर आर्मी रिसर्च लॅबोरेटरीचा भाग झाली होती आणि माईक तिथला ज्येष्ठ शास्त्रज्ञ होता. मित्रांनी आणि कुटुंबीयांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्याच्या नावाने संशोधन पुरस्कार सुरू केला.

बीआरएल-कॅड डिसेंबर २००४ मध्ये पूर्णपणे ओपन सोर्स झालं. माईक गेल्यावर चार वर्षांनी. ते पाहायला तो नव्हता, पण त्याचा कोड आजही वापरात आहे आणि त्यात नवी भर पडत असते.

मग पिंग अजून का टिकलाय?

चाळीस वर्षांत काय काय गेलं बघा. व्हॅक्स संगणक गेले. डेक कंपनी गेली. सन गेली. अल्ट्रिक्स, आयरिक्स ही नावं आज जुन्या लोकांनाच ठाऊक असतात. पिंग मात्र तिथेच आहे.

सर्व्हर जागा आहे का हे रात्रंदिवस बघत बसणारी नॅगिओससारखी ओपन सोर्स सॉफ्टवेअर पुढे आली, तीही संगणक हाकेला ओ देतोय का हे बघायला पिंगचाच आधार घेतात. स्मोकपिंगने तर नावातच त्याला मान दिला.

टिकण्याची कारणं साधी आहेत. तो एकच काम करतो, पण चोख करतो. कोड इतका छोटा, की ज्याला गरज पडली त्याने वाचला, आपल्या सिस्टिमला बसेल असा बदलला आणि पुढे दिला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माईकने तो स्वतःपाशी ठेवला नाही. त्या सकाळी पिंगला काहीच काम उरलं नव्हतं. आपला बिघाड मिटला म्हणून त्याने तो तिथेच सोडला असता, तर बर्कलीला काही मिळालं नसतं आणि तिथून पुढे कुणालाच मिळालं नसतं.

त्यामुळे पुढच्या वेळी गेम अडकला, व्हिडिओ थांबला किंवा साहेबांनी पिंग कर म्हणून सांगितलं, तर अॅबरडीनमधली ती डिसेंबरची रात्र आठवा. आणि विश्वास बसत नसेल तर तुमच्या संगणकावर आत्ता कमांडची काळी खिडकी उघडा, पिंग लिहा, पुढे एखाद्या वेबसाईटचं नाव टाका आणि एंटर मारा. दुसऱ्याच क्षणी पलीकडून जी ओ येईल, ती माईक मूसच्या त्याच युक्तीची असेल.